पुष्पाबाईच्या पायाचा क्लच

संत्र्याचा पहिला तोडा होता आणि नाल्याच्या चढावर पिकअप नुसतीच बोंबलत होती. इंजिन ओरडत होतं, मागून काळा धूर सुटला होता, पण चाकं ढिम्म. पुष्पाबाईनं पुन्हा पहिला गिअर टाकला, डावा पाय अलगद वर घेतला, उजव्यानं रेस दिली. गाडी पुढं जायच्या ऐवजी वीतभर मागंच सरकली. हौद्यातले साठ कॅरेट एकमेकांवर करकरले. शेजारी बसलेल्या तिच्या लेकीनं, डिंपलनं, उडी मारली, दिसेल तो धोंडा उचलला आणि मागच्या चाकाला लावला.

खाली वाकली तेव्हा तिच्या नाकात वास गेला. जुनी चिंधी चुलीत धुमसावी तसा. वास तिच्या ओळखीचा होता. तिनं धोंडा पायानं आणखी आत रेटला.

बागेचे मालक अविनाशभाऊ मोटारसायकलवरून आले. तोडणीच्या बाया डोक्यावरचे पदर सावरत बांधावर उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं गोपालची पिकअप आली, तिच्या काचेला अजून दसऱ्याचं झेंडूचं तोरण लटकत होतं. गोपाल खाली उतरला, पुष्पाबाईच्या गाडीखाली डोकावला आणि हसला.

"क्लच गेला बाप्पा. वहिनी, गाडी म्हंजे काई शिलाई मशीन नाई, की पाय ठेवला आन चालू."

बांधावरच्या बायांपैकी दोघी हसल्या. साठच्या साठ कॅरेट पुष्पाबाईनं स्वतः हातोहात गोपालच्या गाडीत चढवले.

"वहिनी," अविनाशभाऊ म्हणाले, "फळ काई झाडावर आपली वाट पाहत नाई. सोमवारी दुसरा तोडा हाये. सोमवारी तुमची गाडी भरून हा चढ चढली त सिझनचं भाडं तुमचं. नाई त मंग गोपालले सांगतो, तुमी वाईट नका वाटून घेऊ."

तो बुधवार होता. पिकअप गावात, सोनाळ्यात आली ती बैलजोडीमागं दोर बांधून. स्टिअरिंगवर पुष्पाबाई, पुढं बैल, आणि दोन्ही बाजूंनी पळणारी, हॉर्न वाजवा म्हणणारी पोरं. तिनं हॉर्न वाजवला नाही.

या गाडीची गोष्ट अशी, की ती घरात आली ती पुष्पाबाईमुळंच. रंगराव, डिंपलचा बाप, वांग्यामेथीतला माणूस. दीड एकरातली वांगी तो लेकरासारखी वाढवायचा, पण रस्त्यावर मागून हॉर्न वाजला की त्याला घाम फुटायचा. पुष्पाबाईचा भाऊ उंद्रीला ड्रायव्हर. त्यानं बहिणीला शिकवलं, बुलडाण्याला नेऊन लायसन काढून दिलं. बुटकी बाई, पाय पुरत नाहीत म्हणून पाठीमागं गोधडीची घडी ठेवायची, पण तीन वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. आणि आता ही तऱ्हा.

गुरुवारी सकाळी कडूबा मिस्तरी आला. साठीला आलेला, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. घराच्या मागं कडुनिंबाखाली त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली.

"तिसरा गिअरबी ओरडते म्हणता? मंग बॉक्स खाली घ्या लागन. पण मले टाईम कुठी हाये? दोन एकर पऱ्हाटी फुटून उभी हाये, वेचाले माणूस भेटून नाई राह्यलं. आभाळ आलं त सारा कापूस मातीत."

"मंग सावड करू," पुष्पाबाई म्हणाली. "मी आन डिंपल तुमची पऱ्हाटी वेचतो. तुमी माहा गिअरबॉक्स खोला."

मिस्तरीनं चष्मा वर केला, तिच्याकडं पाहिलं. आमच्याकडं सावड निंदणीची होते, पेरणीची होते, बैलाची होते. गिअरबॉक्सची सावड आजवर कोणी ऐकली नव्हती.

"हाव," तो म्हणाला. "त्याले काय झालं. तुमचा हात माह्या वावरात, माहा हात तुमच्या गाडीखाली."

म्हणजे मजुरी मिटली. पार्टसाठी घरात नऊ हजार होते, वांग्यांचे. त्यातच सगळं बसवायचं होतं.

गिअरबॉक्स उतरवताना डिंपलही गाडीखाली शिरली. शाळेला दिवाळीची सुट्टी होती आणि तिला कोणी नको म्हणण्याआधीच ती पोत्यावर पाठ टेकून आत सरकली होती. नट ढिला झाला की मातीत कालवलेलं तेल तिच्या केसांत ठिबकायचं. रंगराव, मिस्तरी आणि शेजारचे दोघं अशा चौघांनी तो बोजा जुन्या टायरवर उतरवला आणि मिस्तरीनं क्लच बाहेर काढला. काळी पडलेली गोल थाळी. तिच्यावरचं अस्तर झिजून आतले पितळी खिळे डोकं वर काढून बसलेले. थाळी ज्या जड लोखंडी चाकाला घासते, त्या चाकावर निळे निळे डाग.

"तापलं बेकार," मिस्तरी पुटपुटला. "हे वझ्यानं नाई होत. हे हाफ क्लचनं होते. पाय अर्धा दाबून ठेवला, तासन् तास. वहिनी, पायडलवरचा पाय काढत जा न वो."

सगळ्यांनी पुष्पाबाईकडं पाहिलं. पुष्पाबाईनं आपल्या डाव्या पायाकडं पाहिलं.

डिंपलनं बापाकडं पाहिलं. रंगराव कडुनिंबाच्या शेंड्याकडं बघत होता, जणू तिथं त्याचं काही हरवलं होतं.

कारण भाऊबीजेला पुष्पाबाई उंद्रीला गेली होती, चार दिवस. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मळ्यातली विहिरीची मोटर जळाली. मोटर वर ओढायला आठ माणसं लागतात आणि वेचणीच्या दिवसांत आठ माणसं कुठून आणणार? रस्त्यावर नाही, पण वावरात मागंपुढं घेण्यापुरती गाडी रंगरावला येत होती, आणि त्याला युक्ती सुचली. पिकअपचं तोंड विहिरीकडं, पुढच्या हुकाला दोर, दोर कप्पीवरून मोटरीला. मग रिव्हर्स गिअर टाकायचा आणि क्लच अर्धा दाबून गाडी बोट बोट मागं न्यायची. विहिरीच्या काठावर डिंपल उभी होती. "येऊ द्या बाबा, येऊ द्या, थांबा, आता येऊ द्या," असं हातवारे करून तिनंच सांगितलं होतं. मोटर वर आली तेव्हा लोक म्हणाले, "रंगराव, तू त इंजिनिअर निंगाला बे." त्या एका शब्दासाठी त्यानं चार दिवसांत तीन विहिरींच्या मोटरी काढल्या. तिसऱ्या विहिरीवर चिंधी जळाल्यासारखा वास आला होता. कोणीतरी बांधावर कचरा पेटवला असेल, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

"तुह्या मायले सांगू नको," रंगराव तेव्हा म्हणाला होता. "उगाच बोलत बसन." डिंपलनं हो म्हटलं होतं.

शुक्रवारी मायलेकी मिस्तरीच्या पऱ्हाटीत शिरल्या. कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या दोन ओळी, दोन तासं धरली. बोंडाची टोकं वाळून सुईसारखी झालेली, दुपारपर्यंत डिंपलच्या नखांभोवती रक्ताचे ठिपके उठले. पुष्पाबाईचे हात दोन्हीकडून चालायचे, पण आज ती मधूनच थांबायची आणि डावा पाय जमिनीवर दाबून पाहायची. एकदा, दोनदा.

"काय करून राह्यली वं आई?"

"पाहतो. मले वाटते मी पाय उचलतो. पण मिस्तरी खोटं कायले बोलन? त्याचा जलम गेला गाडीखाली. माहाच पाय असन." तिनं एक बोंड रिकामं केलं. "गोपालच नेईन सिझन. आपुन काय, वेचणीले जाऊ. हे काम त हातातलं हाये."

हे ती रडत म्हणाली असती तर डिंपलला सोपं गेलं असतं. पण आई शांत होती. आज भाजी कोणती करू असं विचारावं, तितकी शांत. डिंपलनं चार ओळी संपेपर्यंत पाठ वर केली नाही आणि संध्याकाळी काट्यावर तिची ओटी आईच्या बरोबरीनं भरली.

शनिवारी रंगराव, कडूबा मिस्तरी आणि डिंपल खामगावला निघाले. डिंपलच्या पिशवीत जुनी थाळी आणि तिसरा गिअर. रंगरावच्या खांद्यावर पोत्यात ते निळ्या डागांचं लोखंडी चाक, ते लेथवर घासून सपाट करायचं होतं. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "पोत्यात काय हाये, जातं?" रंगराव म्हणाला, "जातंच समजा." शेगावला गाडी बदलताना त्याच्या खांद्याला वळ उठला होता, पण त्यानं पोतं मिस्तरीला धरू दिलं नाही.

चाक लेथवर देऊन तिघं पार्टच्या दुकानात आले. दुकान अरुंद, छतापर्यंत खोकी. दुकानदारानं काउंटरवर पेपर अंथरला आणि तीन क्लच ओळीनं मांडले.

"हा पहिला, जुन्या थाळीले नवं अस्तर ठोकलेला. हजाराच्या आत. गॅरंटी रस्त्यापर्यंत." तो स्वतःच हसला. "हा कंपनीचा पुरा सेट. थाळी, तिले दाबणारी ही झाकणी, बेअरिंग, सारं नवं. साडेसहा. आन हा हेवी. याचे स्प्रिंग डबल. वझ्याच्या गाडीवाले हाच नेतात. चार हजार."

मिस्तरीनं बोटांवर हिशेब केला. तिसरा गिअर नवा टाकायचा तर तीन हजार तिकडंच जाणार होते. लेथ, सील, तेल आणि पितळी रिंग वेगळी. कंपनीचा सेट बसत नव्हता.

"हेवी देऊन टाक," तो म्हणाला. "बाईमाणूस पाय काढत नाई पायडलवरून. हेवी असला त जराक सोसन."

दुकानदारानं खोकं उचललं. रंगरावनं बंडीच्या खिशात हात घातला.

"थांबा," डिंपल म्हणाली.

आपला आवाज इतका मोठा असेल असं तिला वाटलं नव्हतं. बाहेर स्कूटरवर बसलेल्या माणसानंही वळून पाहिलं.

"स्प्रिंग डबल, म्हंजे पायडलबी जड होईन?"

"होईन न. पण माणसाच्या पायाले काय..."

"माणसाच्या नाई, आईच्या पायाले," डिंपल म्हणाली. "ती टाचेवर बसून नाई दाबू शकत, तिचा पाय पुरत नाई. चवड्यावर दाबते. रोज शेगावच्या चार खेपा, गर्दीतून. संध्याकाळी गाडीतून उतरन कशी?"

"मंग तिनं पाय काढाव न पोरी," मिस्तरी समजुतीनं म्हणाला. "हाफ क्लच..."

"आई हाफ क्लच ठेवत नाई."

दुकानात पंखा फिरत होता. डिंपलनं बापाकडं पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही. काउंटरवरच्या पेपरची घडी नखानं सरळ करत ती म्हणाली, "बाबा, तुमी सांगता का मी सांगू?"

रंगरावनं खिशातला हात बाहेर काढला, पुन्हा आत घातला. समोरच्या खोक्यांवरची नावं वाचली. मग खाली बघून बोलला.

"मोटरी काढल्या मी. हिची माय नव्हती तवा. रिव्हर्समंदी, हाफ क्लचवर."

"किती?" मिस्तरीनं विचारलं.

"तीन."

"तीन विहिरी?" दुकानदारानं हातातलं खोकं खाली ठेवलं. "भाऊ, वीस वर्सं झाले धंद्यात. क्लचनं विहीर उपसणारा गिऱ्हाईक पहिलाच."

मिस्तरी हसला नाही. त्यानं चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. "रंगराव, मी त्या बाईले चौघांत बोललो बे. तिच्या तोंडावर बोललो. आन तू उभा होता."

रंगरावचे कान लाल झाले होते. "हाव," तो म्हणाला. "उभा होतो."

मिस्तरी दुकानाच्या पायरीवर बसला. डिंपलच्या पिशवीतला तिसरा गिअर त्यानं मांडीवर घेतला आणि एकेका दातावरून नख फिरवलं, सावकाश, पुरा वेढा. मग उन्हात धरून पाहिला.

"म्हंजे सारंच उलटं झालं," तो म्हणाला. "मले वाटलं गिअर खराब, म्हणून ओरडते. पण थाळी तापून वाकडी झाली, क्लच पुरा सुटतच नव्हता, म्हणून गिअर बसताना खायाचा. याचे दात शाबूत हायेत. वरची पितळी रिंग तेवढी बदलू, सातशेत होते." तो उठला. "गिअर नाई घ्याचा. ते पैसे इकडं टाका. कंपनीचा सेट द्या शेठ."

दुकानदार खोकं बांधू लागला तेव्हा डिंपलनं नवी थाळी मागून घेतली आणि जुनीवर ठेवली. घेर बरोबर. मग मधल्या भोकातले दात मोजले. जुनीला वीस, नवीला बावीस.

"ही नाई," ती म्हणाली.

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं, पुन्हा मोजलं, मागं जाऊन दुसरं खोकं आणलं. "मिस्तरी, ही पोरगी इथंच ठिऊन जा. पगार देतो."

"दहावी हाये माही," डिंपल म्हणाली आणि नव्या थाळीचे दात मोजायला बसली. वीस भरले.

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. पुष्पाबाई दिवसभर एकटीनं वेचून आली होती, भाकरी थापत होती. रंगरावनं पोतं अंगणात ठेवलं, हातपाय धुतले नाहीत, तसाच चुलीपाशी गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तीन विहिरी, दोर, वास, सगळं. इंजिनिअर म्हणाले तेही.

पुष्पाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"तीन दिस मी माह्या पायाले शिव्या देत होती," ती म्हणाली.

"चुकलं माहं."

"मले कायले सांगता? मले त माईतच हाये आता. ज्यायच्यासमोर माही लाज गेली त्यायले सांगजा." तिनं भाकरी टोपल्यात टाकली. "आन मिस्तरीची उरलेली पऱ्हाटी आता तुमी वेचाची, इंजिनिअर."

डिंपलला हसू आवरेना, म्हणून ती पाण्याच्या निमित्तानं अंगणात पळाली.

रविवारी सकाळपासून कडुनिंबाखाली काम सुरू झालं. मिस्तरीनं बाभळीची एक फांदी तासून हातभर खुंटी केली, ती थाळीच्या भोकात घालून थाळी बरोबर मधोमध धरली आणि भोवतीचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. नवं सील, नवी पितळी रिंग, नवं तेल. चौघांनी गिअरबॉक्स छातीशी धरून वर उचलला. पहिल्यांदा बसला नाही. दुसऱ्यांदा नाही. रंगरावच्या मानेच्या शिरा दोरासारख्या फुगल्या. डिंपल खालून ओरडली, "बोटभर डावीकडं," आणि टक्क असा आवाज होऊन बॉक्स जागेवर गेला.

मिस्तरीनं गाडीखालूनच हाक मारली. "वहिनी, बसा आन दाबा."

पुष्पाबाई गोधडी पाठीशी घेऊन बसली. चवड्यानं पायडल दाबला. थांबली. पुन्हा दाबला.

"कसा हाये?"

"मिस्तरी, हा आवरते मले," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात पाच दिवसांनी तिचा नेहमीचा ठसका आला.

मिस्तरी बाहेर सरकला, पाठीवरची माती झटकली. "वहिनी, गुरुवारचं माहं बोलणं माघारी घेतो. संध्याकाळी रिकामी गाडी फिरवून आणा, थाळी बसली पायजे चाकावर. आन तुमच्या पायात काईच खोट नाई."

सोमवारी नाल्यावर उन्हं येण्याआधीच हौदा भरला. साठ नाही, पासष्ट कॅरेट. पाच पुष्पाबाईनं मागून घेतले. अविनाशभाऊ चढाच्या माथ्यावर उभे. गोपाल आपली रिकामी पिकअप घेऊन मागंच थांबलेला, लागली तर असावी म्हणून. बांधावर त्याच बाया.

रंगराव त्यांच्यासमोर गेला. वांग्याच्या ओळीत बोलावं तितक्या बारीक आवाजात त्यानं सुरुवात केली, मग एक बाई म्हणाली, "मोठ्यानं बोला न वो भाऊ," तसा तो मोठ्यानं बोलला.

"बुधवारी क्लच गेला थो मी जाळला होता. विहिरीच्या मोटरी काढून. हिच्या पायानं नाई."

बायांमध्ये खसखस पिकली. या वेळी ज्या दोघी हसल्या त्या गोपालकडं बघून हसल्या. गोपालनं तोरणातलं एक वाळकं फूल तोडून चुरगाळलं.

पुष्पाबाईनं पहिला गिअर टाकला. डिंपल शेजारी, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. गाडी हलली. इंजिन ओरडलं नाही, घुमलं. मुरूम चाकांखाली चरचरत मागं पडू लागला. चढाचा पहिला टप्पा गेला. बुधवारी जिथं गाडी मागं सरकली होती ती जागा आली आणि तिथंच पुष्पाबाईनं ब्रेक दाबला.

गाडी मध्यावर उभी राहिली, पासष्ट कॅरेटांसकट. नाक आभाळाकडं.

"आई, काय झालं?" डिंपलचा हात दरवाज्याकडं गेला.

"काई नाई. पाहू दे त्यायले नीट."

मागं गोपालनं काचेबाहेर डोकं काढलं. माथ्यावर अविनाशभाऊंनी हात वर केला. पुष्पाबाईनं हँडब्रेक ओढला, पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला, आरशात आपलं कुंकू पाहिलं. मग क्लच दाबून गिअर टाकला. डावा पाय वर येत गेला आणि एका ठिकाणी गाडीचं तोंड हलकेच उचललं गेलं, ओढ घेण्याआधी बैल मान उचलतो तसं. तिनं हँडब्रेक सोडला. बोटभरही मागं न सरकता पिकअप चढाला लागली आणि माथ्यावर अविनाशभाऊंना बाजूला व्हावं लागलं.

"वहिनी, थांबा न," ते म्हणाले. "सिझनचं बोलू."

"माल टाकून येतो, मंग बोलू," पुष्पाबाईनं काचेतून सांगितलं. "दुसरी खेप भरून ठेवा."

शेगावच्या मार्केट यार्डाच्या फाटकावर नवा चौकीदार होता. वही उघडून तो गाडीपाशी आला, नंबर लिहिला, मग हौद्याच्या मागं जाऊन पाहिलं, पुन्हा पुढं आला. "ड्रायव्हर कुठी गेला, ताई? नाव लिहा लागते."

डिंपलनं तोंड उघडलं, पण आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर टेकवलं.

"लिहा," ती म्हणाली. "पुष्पाबाई रंगराव पुंडकर, सोनाळा. आन खाली जागा सोडा भाऊ, आज अजून तीनदा लिहा लागन."